वेतन, वर्गणी आणि लेखणी : विष्णुशास्त्री चिपळूणकरांची व्यावसायिक वाटचाल

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचे स्थान मराठी वाङ्मयेतिहासात निबंधकार आणि टीकाकार म्हणून निश्चित झालेले आहे. त्यांची शैली, भाषाभिमान आणि वादपटुत्व यांची चर्चा विपुल झाली. लेखकाने उपजीविका कशावर करावी, हा प्रश्न मात्र त्यांच्या संदर्भात तुलनेने कमी विचारला जातो. त्यांच्या चरित्राकडे या अंगाने पाहिले असता लेखनस्वातंत्र्याला मनोधैर्याइतकाच अर्थव्यवहाराचाही आधार लागतो, हे ध्यानात येते.

शास्त्रीबुवांचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यात झाला. त्या काळी मराठी ग्रंथनिर्मितीचा मोठा भाग सरकारी आश्रयावर पोसला जात असे. क्रमिक पुस्तके, भाषांतरे, दक्षिणा प्राइज कमिटीची बक्षिसे हे विद्वानांच्या प्राप्तीचे प्रमुख मार्ग होते. वडील कृष्णशास्त्री हे या व्यवस्थेतील अग्रगण्य पंडित. शिक्षणखात्याच्या सेवेत राहूनच त्यांनी आपले बरेचसे वाङ्मयीन कार्य केले. त्यांच्या संपादनाखालील 'शालापत्रका'त विष्णुशास्त्र्यांची लेखणी घडली. संस्कृत कवींवरील त्यांचे निबंध तेथेच प्रसिद्ध झाले. परंतु या मासिकातील टीकात्मक लेखन खात्याला रुचले नाही आणि १८७५ मध्ये ते बंद पडले. सरकारच्या पैशावर चालणारे पत्र सरकारच्या मर्जीबाहेर जाऊ शकत नाही, हा धडा शास्त्रीबुवांना घरातच मिळाला.

तत्पूर्वीच, १८७२ मध्ये बी. ए. होऊन आणि शिक्षकाची नोकरी धरून, त्यांनी जानेवारी १८७४ मध्ये 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले होते. मालेचे एकूण ८४ अंक निघाले आणि त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर त्यांनी एकहाती लिहिला. येथे लेखकाचा आश्रयदाता बदलला. बक्षीस देणाऱ्या समितीच्या जागी वर्गणी भरणारा वाचक आला. मालेतील आर्जव, उपरोध, दीर्घ वाक्यरचना आणि वाचकाला सतत विश्वासात घेण्याची रीत यांचा या नव्या नात्याशी निकटचा संबंध आहे. तथापि पहिली काही वर्षे या उपक्रमाच्या पाठीशी सरकारी वेतन उभे होते, हेही विसरता येत नाही. नोकरीच्या आधारावर त्यांनी नोकरीबाहेरचा वाचक मिळवला.

पुढचा टप्पा व्यवसायविस्ताराचा होता. १८७८ मध्ये काशीनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्या सहकार्याने 'काव्येतिहाससंग्रह' सुरू झाला. अप्रसिद्ध जुने काव्य आणि ऐतिहासिक कागदपत्रे त्यातून छापली जाऊ लागली. त्याच वर्षी सहकाऱ्यांसह त्यांनी चित्रशाळा काढली. देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची शिळाछाप रंगीत चित्रे तेथून घरोघर पोचली. जोडीला पुस्तकविक्रीसाठी किताबखाना निघाला. या उद्योगांच्या मागे एक सुसंगत विचार दिसतो. मजकूर लिहिणे, तो छापणे, विकणे आणि त्याचा वाचक घडवणे या सर्व कड्या आपल्या हाती असल्याखेरीज लेखक खऱ्या अर्थाने स्वतंत्र होत नाही, असा तो विचार होय.

दरम्यान सरकारने त्यांची बदली रत्नागिरीला केली होती. छापखाने, सहकारी आणि वाचक पुण्यात, तर वेतन रत्नागिरीत, अशी ही ओढाताण होती. १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकोणतीस होते आणि वडिलांचा आधार वर्षभरापूर्वीच तुटला होता. जानेवारी १८८० मध्ये बाळ गंगाधर टिळकांसह त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. पुढे आर्यभूषण छापखाना उभा राहिला आणि जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली.

या स्वातंत्र्याला एक मर्यादाही होती. सरकारच्या मर्जीतून सुटलेला लेखक आपल्या वर्गणीदारांच्या अभिरुचीला बांधला जातो. मालेचा वाचक मुख्यतः पांढरपेशा, सुशिक्षित आणि उच्चवर्णीय होता. जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाज यांच्यावर मालेने केलेली उपहासगर्भ टीका या वाचकाला सुखावणारी होती. ती शास्त्रीबुवांच्या स्वतःच्या मतांतूनच आली, यात शंका नाही, पण त्या टीकेसाठी त्यांना वर्गणीदार गमावण्याची धास्ती बाळगावी लागली नाही. जोतीरावही सरकारी पगारावर जगत नव्हते. कंत्राटदारीच्या उत्पन्नाचा त्यांना आधार होता. म्हणजे दोघेही आपापल्या परीने स्वतंत्र व्यावसायिक. एकाची मिळकत वाचकांकडून येत होती, दुसऱ्याची लेखनबाह्य धंद्यातून. आपल्याच वर्गाला दुखावण्याची परीक्षा वर्गणीवर जगणाऱ्या लेखणीला अधिक कठीण असते, हे या तुलनेतून दिसते.

१७ मार्च १८८२ रोजी, वयाची बत्तीस वर्षेही पूर्ण झाली नसताना, शास्त्रीबुवांचे निधन झाले. राजीनाम्यानंतर त्यांना जेमतेम अडीच वर्षे मिळाली. स्वतंत्र व्यवसायावर लेखक आयुष्य काढू शकतो की नाही, याचा निर्णय त्यांच्या चरित्रातून लागत नाही. त्यांनी उभारलेली व्यवस्था मात्र टिकली. त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना कारावास भोगावा लागला, तरी 'केसरी' बंद पडला नाही. चित्रशाळाही त्यांच्या पश्चात दीर्घकाळ चालली. मालेच्या शेवटच्या अंकांतील 'आमच्या देशाची स्थिती' हा निबंध सरकारने १९१० मध्ये जप्त केला आणि ती बंदी १९३७ मध्ये उठली. लेखकाच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनीही जो निबंध राज्यकर्त्यांना धोक्याचा वाटला, तो शालापत्रकात छापला जाणे शक्य नव्हते. शास्त्रीबुवांच्या राजीनाम्याचे वाङ्मयीन मूल्य येथे मोजता येते. त्याच्याच शेजारी, त्या नव्या पानांवर कोणाला जागा मिळाली आणि कोणाला नाही, याचा हिशेबही अभ्यासकाने मांडला पाहिजे.