बाबांच्या दोन गाड्या

सहाव्या सेमिस्टरचं सबमिशन आटोपलं आणि त्याच रात्री आमच्या रूमवर नकाशा पसरला. प्लॅन भारी होता. सहा जणांनी पैसे काढून एक कॅराव्हॅन भाड्यानं घ्यायची. आत झोपायला बर्थ, चहाला शेगडी, पाण्याची टाकी. थोडक्यात चाकांवरची होस्टेल रूमच, फक्त रेक्टर सर नाहीत! ताडोबा काय, घरच्या अंगणात आहे. आपण त्याच्याही पुढे जायचं, आलापल्लीच्या सागवनातून थेट भामरागडला. तिथं इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगडात इंद्रावती राष्ट्रीय उद्यान आहे.

भांडण लागलं ते रस्त्यावरून. चंद्रपूरहून एक रस्ता बल्लारपूर, गोंडपिपरी करत आष्टीला जातो. दुसरा मूल, गडचिरोली, चामोर्शी असा वळसा घालून तिथंच येऊन मिळतो. कुणाला मार्कंड्याचं देऊळ पाहिजे, कुणाला वैनगंगेचा घाट, कुणाला फोटोसाठी जंगल. नुसता कल्ला!

माझा रूम पार्टनर मात्र गप्प. तो भामरागडच्या पलीकडचा, माडिया. वर्षातून दोनदाच घरी जातो. मी त्याला छेडलं, की तुझाच रस्ता आहे, तूच सांग ना बे, कोणता सुंदर? तो म्हणाला की सुंदर म्हणून त्या रस्त्याकडे कुणी पाहिलेलंच त्याला आठवत नाही. पेशंटला हेमलकशाच्या दवाखान्यात न्यायला किती तास लागतात, एवढंच त्याच्या गावात विचारतात. तो स्वतः त्याच दवाखान्यात जन्मला. मग म्हणाला, की तुमच्या त्या झोपायच्या गाडीचं मला नवल नाही. बाबा आमटे तशाच गाडीतून भारत फिरले. हौस म्हणून नाही, तर त्यांना बसताच येत नव्हतं म्हणून.

मित्रांनो, मला खरंच लाज वाटली. नागपूरच्या एसटीतून वरोऱ्याजवळ आनंदवनाची पाटी मी शंभरदा पाहिली असेल. पण पाटीपलीकडे? शून्य. मग आठ दिवस लायब्ररीत बसलो. जे सापडलं ते इथे लिहितोय.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. घर जहागीरदाराचं. बाबा हे नाव लहानपणी लाडानं पडलेलं. पोरगा शिकारीला जायचा, हॉलिवूडचे सिनेमे पाहून त्यांवर इंग्रजीत लिहायचा, नट्यांशी पत्रव्यवहार करायचा. आणि त्याच्याकडे गाडी होती, सिंगर कंपनीची स्पोर्ट्स कार. तिच्या सीटला बिबट्याचं कातडं! आपल्या पार्किंगमध्ये आज अशी गाडी उभी राहिली तर प्रॅक्टिकल सोडून सगळं कॉलेज खाली येईल. ही बाबांची पहिली गाडी.

पुढे ते वकील झाले, वरोऱ्याला प्रॅक्टिस जमली. १९४२ च्या आंदोलनात पकडलेल्यांची वकीलपत्रं घेतली. पण नुसत्या कोर्टात त्यांचं मन रमेना. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांची संघटना बांधली, आणि त्यांचं काम काय असतं ते कळावं म्हणून नऊ महिने स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. जहागीरदाराचा मुलगा आणि डोक्यावर मैल्याची पाटी! १९४६ मध्ये त्यांनी इंदू घुले यांच्याशी लग्न केलं. त्याच पुढे साधनाताई झाल्या. पुढचं सगळं काम दोघांचं आहे हे विसरून चालणार नाही.

मग ती पावसाची रात्र आली. गटाराच्या कडेला एक माणूस पडला होता. कुष्ठरोगानं बोटं झडलेली, जखमांत किडे. त्याचं नाव तुळशीराम. बाबा घाबरले आणि पळाले. हो, पळाले! गांधीजींनी ज्यांना अभयसाधक म्हटलं, तो माणूस एका मरणाऱ्या रोग्याला भिऊन पळाला. मला हे वाचून बरं वाटलं, कारण आपणही पळालो असतो. पण बाबा त्याच रस्त्यानं परत आले. तुळशीरामला आडोसा केला, त्याची शुश्रूषा केली. तो वाचला नाही. मात्र ती भीती घेऊन जगायचं नाही, असं बाबांनी ठरवलं.

१९४९ मध्ये ते कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं शिकायला गेले. तिथे प्रयोगासाठी स्वतःच्या अंगात जंतू टोचून घेतले. रोग काही झाला नाही. परत येऊन वरोऱ्याजवळ सरकारनं दिलेल्या ५० एकर खडकाळ जमिनीवर १९५१ मध्ये आनंदवन सुरू केलं. भांडवल काय, तर सहा रोगी, एक लंगडी गाय आणि १४ रुपये. बोटं झडलेल्या हातांनी आधी विहीर खणली, मग शेत फुलवलं. बाबांचं गणित साधं होतं : दान माणसाला पांगळं करतं आणि काम त्याला उभं करतं. १९६० च्या दशकाच्या शेवटी मूलजवळ सोमनाथचा प्रकल्प आला. तिथल्या उन्हाळी श्रमछावणीला महाराष्ट्रभरातून कॉलेजची पोरं येऊ लागली. आपल्यासारखीच.

आता ट्रिपची गोष्ट. १९७० च्या सुमारास बाबा आपल्या मुलांना, विकास आणि प्रकाश यांना घेऊन भामरागडला गेले. पिकनिकच होती! नदी, जंगल, संगम. आमच्या नकाशात जे जे होतं ते सगळं. पण तिथली माणसं यांना पाहून पळत सुटली. अंगभर कपडे घातलेला माणूस म्हणजे फसवणारा, असाच त्यांचा अनुभव होता. उपास, हिवताप, औषध नाही. बाबांनी तिथे काम करायचं ठरवलं, आणि डॉक्टर झालेला प्रकाश मी येतो म्हणाला. २३ डिसेंबर १९७३ ला हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हताच, तो १९८२ मध्ये वेगळा झाला. पावसाळ्यात नद्या चढल्या की जगाशी संबंध संपायचा. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी कंदिलाच्या उजेडात ऑपरेशनं केली. पिकनिकला गेलेलं घर असं तिथलंच झालं.

इकडे बाबांच्या मणक्यानं दगा दिला होता. ऑपरेशन होऊनही बसणं कायमचं बंद झालं. उभं राहायचं, चालायचं, नाहीतर आडवं पडायचं. मेकॅनिकलवाल्यांनो, विचार करा : ज्याला सीटच चालत नाही अशा माणसासाठी गाडी कशी बनवाल? उत्तर एकच, बिछाना. ही बाबांची दुसरी गाडी.

तिनं काय काय पाहिलं! भोपालपटनम आणि इचमपल्ली ही धरणं इंद्रावती आणि गोदावरीवर होऊ घातली होती. त्यात माडियांची गावं आणि जंगल बुडणार होतं. १९८३-८४ मध्ये बाबांनी त्याविरुद्ध जंगल बचाव, मानव बचाव असं आंदोलन उभं केलं. ती दोन्ही धरणं झाली नाहीत. म्हणजे आमच्या ट्रिपमधलं जंगल आज तिथे आहे, त्यात या पाठीवर पडलेल्या माणसाचा वाटा आहे.

२४ डिसेंबर १९८५ ला कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा निघाली. शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर आणि बाबा गाडीत आडवे. दोनच दिवसांनी त्यांना ७१ वं वर्ष पूर्ण झालं. पाच हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापत काश्मीरपर्यंत. पंजाब पेटलेला होता, तरी रस्ता तिथूनच ठेवला. १९८८ मध्ये पुन्हा निघाले, अरुणाचलातल्या इटानगरहून गुजरातच्या ओखापर्यंत, साडेसात हजार किलोमीटर. आधी भारत उभा पाहिला, मग आडवा. १९९० मध्ये आनंदवन सोडून ते मध्य प्रदेशात नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले. त्या हिवाळ्यात गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला नर्मदेची संघर्षयात्रा अडवली गेली, तेव्हा लोकांबरोबर तेही थंडीत थांबले. ते धरण मात्र झालं. सगळ्याच लढाया जिंकता येत नाहीत.

९ फेब्रुवारी २००८ ला आनंदवनात बाबा गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता तिथल्याच मातीत त्यांना पुरलं. २०११ मध्ये साधनाताईही गेल्या.

हे सगळं वाचून मी रूमवर पार्टनरला सांगत होतो, तेव्हा त्यानं सहज एक गोष्ट सांगितली. त्याची आजी दिवाळीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. हेमलकशाला दाखवलं, मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. पण तिला बसता येत नाही आणि एसटीत आडवं पडता येत नाही. गाडी करायला पैसे नाहीत. म्हणून ती तेव्हापासून घरीच आहे, खाटेवर. तीन वर्षं एका खोलीत राहतोय आम्ही, आणि हे मला आत्ता कळलं.

नकाशा पुन्हा पसरला. या वेळी भांडण झालं नाही. येताना कॅराव्हॅनचा खालचा बर्थ आजीचा. मार्कंडा, घाट, फोटो हे जाताना जमेल तेवढं. येतानाचा रस्ता सुंदर कोणता यावर नाही, धक्के कमी कुठे यावर ठरणार. आष्टीपर्यंतचे दोन्ही रस्ते मागच्या रविवारी दोघांनी मोटारसायकलवर पालथे घातले. खिशातल्या मोबाइलच्या सेन्सरवर धक्के मोजले, ग्राफ काढला. तिसऱ्या सेमिस्टरला व्हायब्रेशन्समध्ये माझा बॅक लागला होता, हे इथे सांगायला हरकत नाही!

कोणता रस्ता जिंकला ते लिहीत नाही, एका पावसाळ्यात निकाल बदलतो. आष्टीच्या पुढे तर एकच रस्ता आहे, तिथे गाडी हळू चालवणं एवढंच आपल्या हातात. बर्थवर किती जाड गादी टाकावी, यावर सध्या रोज रात्री चर्चा चालू आहे. ज्या कुणाकडे चांगला फोम असेल त्यांनी रूमवर येऊन भेटावं. चहा आमच्याकडून.