नामदेव : तीन समाधींचे चरित्र

मराठी शोककाव्याचा उगम शोधू गेल्यास नामदेवांपाशी थांबावे लागते. ज्ञानदेवांचा, चोखामेळ्याचा आणि त्यांचा स्वतःचा, असे तीन मृत्यू एकत्र पाहिले असता मरणाविषयीची वारकरी श्रद्धा कशी घडली, हे ध्यानी येते.

दामाशेटी व गोणाई या शिंपी दांपत्याच्या या पुत्राचा जन्म १२७० चा मानतात. त्यांचा विठ्ठल विटेवरचा, डोळ्यांना दिसणारा होता. पुढे विसोबा खेचरांनी त्यांना ईश्वर चराचरात भरलेला असल्याचा बोध केला. या बोधानंतर मरणाचा शोक उरू नये, हे तत्त्वज्ञान झाले. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली, तेव्हा ते कसोटीस लागले. समाधी म्हणजे ब्रह्मैक्य. मरणाला लिंगैक्य म्हणणाऱ्या कन्नड शरणांच्या धारणेशी तिचे जवळचे नाते आहे. परंतु नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत निवृत्तिनाथ व्याकूळ होतात आणि प्रत्यक्ष पांडुरंगही गहिवरतो. गाथेत विष्णुदास नामा या उत्तरकालीन कवीची रचना मिसळल्याने एकेका अभंगाचे कर्तृत्व वादग्रस्त आहे. तथापि परंपरेने हा शोक नामदेवांचा म्हणूनच जपला.

यानंतरची त्यांची उत्तरेची यात्रा पंजाबातील घुमानपर्यंत पोहोचली. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत.

१३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकूस कोसळून चोखामेळा इतर मजुरांसह गाडला गेला. हे मरण स्वेच्छेचे नव्हते. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या नामदेवांनी वेचल्या व पंढरपुरास महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. ज्या देहाला देवळात मज्जाव होता, त्याचे अवशेष येथे पवित्र ठरले. तरीही ती जागा दाराबाहेरचीच राहिली. ते दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडण्यास साने गुरुजींचे उपोषण आणि १९४७ साल यावे लागले.

१३५० मध्ये नामदेवांचा देह पडला. पंढरपूरच्या परंपरेप्रमाणे त्यांची समाधी त्याच महाद्वाराच्या पायरीशी, संतांची चरणधूळ लागेल अशा ठिकाणी आहे. विसाव्या शतकारंभी गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’ या कवितेतील माता बालकाचे मरण मान्यच करीत नाही. नामदेव ते मान्य करतात, पण त्यासाठी अश्रू आवरीत नाहीत. मुक्ती आणि विरह ही दोन्ही सत्ये त्यांनी एकाच अभंगपरंपरेत नांदविली, आणि अखेरीस स्वतःसाठी मोक्षाहून पायरी जवळची मानली.