संकरित कपाशीचे जनक सी. टी. पटेल

शेवगाव-पाथर्डीत कपाशीची संकरित बियाण्याची पिशवी घरात आली की एकच घोर असतो, पाऊस टिकेल का? या पिशवीची सुरुवात सुरतच्या कापूस संशोधन केंद्रात झाली. तिथले शास्त्रज्ञ सी. टी. पटेल यांनी गुजरात-६७ आणि अमेरिकन नेक्टरीलेस यांचा संकर करून १९७० मध्ये संकर-४ आणलं. व्यापारी लागवडीचं हे जगातलं पहिलं संकरित कपाशी वाण.

दुपारी एकेका कळीचे पुंकेसर हातानं काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी पराग लावायचे. एवढ्या मजुरीचं बी परवडणार कसं, ही शंका जगभर होती. पटेलांनी ते शेतात करून दाखवलं. यात बायामजुरांचा वाटा मोठा, तो फारसा कुणी सांगत नाही.

संकर-४ महाराष्ट्र, आंध्र, कर्नाटकातही पोचलं. पाण्याखाली ते भरघोस पिके. पण उशिरा येणारं असल्यानं हलक्या जिरायती रानात, पाऊस लवकर उघडला की बोंडं पोसत नसत. कोरडवाहूत टिकणारं एनएचएच-४४ पुढं नांदेडहून आलं. त्याचंही बी पटेलांच्याच रीतीनं, कळी न् कळी हातानं सोलून तयार होई.