हत्तीचा पाय



आजच्या वाचनात दृष्टांतपाठातला हत्तीचा दृष्टांत आला आणि मला आमच्या गडचिरोलीतलं कमलापूर आठवलं. लहानपणी बाबांनी तिथल्या हत्तीकॅम्पला नेलं होतं. मी इतका जवळ उभा होतो की नुसता पायच दिसला. घरी येऊन आजीला सांगितलं, हत्ती म्हणजे सागाचं खोड!

श्रीचक्रधर स्वामी मूळचे गुजरातेतल्या भडोचचे, प्रधानाचे पुत्र. रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाले, रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली आणि वैभव मागेच राहिलं. मग सालबर्डीचा डोंगर, आणि वर्षानुवर्षं एकट्याने भटकंती. 1267 च्या सुमारास ते पैठणला आले. पुढे भोवती शिष्य जमले, त्यात बायकाही होत्या, सगळ्या जातींचे लोक होते. स्वामी त्यांच्याशी मराठीतच बोलत. अवघड तत्त्व आलं की साधी गोष्ट सांगत. स्वतः त्यांनी ग्रंथ लिहिला नाही. ते उत्तरापंथे निघून गेल्यावर केसोबासांनी 114 दृष्टांत एकत्र केले. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग अर्थ उलगडणारं दार्ष्टांतिक.

हत्तीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. जन्मांध माणसं हत्ती चाचपतात. पाय धरणाऱ्याला तो खांब वाटतो, कान धरणाऱ्याला सूप, सोंड धरणाऱ्याला मुसळ. आपण बहुतेक वेळा इथेच थांबतो आणि म्हणतो, ज्याचं त्याचं बरोबर. पण स्वामींच्या गोष्टीत एक डोळसही आहे! त्याला अख्खा हत्ती दिसतो. हत्ती म्हणजे पूर्ण तत्त्व, चाचपणारा हात म्हणजे आपला तुटपुंजा अनुभव, डोळस म्हणजे ज्ञानी. हाताला लागलं ते खोटं नाही. तेवढाच हत्ती, हे म्हणणं खोटं.

दिवाळीत धानाची बांधी विकण्यावरून दादाशी माझं कडाक्याचं भांडण झालं. पुण्यात बसून मला शेत म्हणजे सातबारावरचं नाव वाटतं. त्याला रोवणीचा चिखल आठवतो, कर्जही. आईला त्या बांधावर अजून बाबा दिसतात. तेव्हापासून मी दादाला फोन केलेला नाही.

डोळस होणं फार दूर आहे हो. पण आपण चाचपतोय, एवढं तरी आज कळलं. संध्याकाळी फोन करतो. माझं सांगायला नाही, त्याच्या हाताला काय लागलं ते विचारायला.

दंडवत प्रणाम.