समजून घ्या : कान्होजी आंग्रेंची 'गुराब' नेमकी कशी होती? लाकडी मॉडेल करणाऱ्यांनी हे वाचाच

लाकडी जहाजांची मॉडेल किट आता मोबाइलवरून मागवता येतात. सहज मिळणारी किट मात्र बहुतेक युरोपी जहाजांची असतात. नेल्सनचं 'व्हिक्टरी', कोलंबसचं 'सांता मारिया' अशी. त्यावर भगवा लावला म्हणून ते मराठा आरमाराचं जहाज होत नाही. सरखेल कान्होजी आंग्रे यांची जहाजं बांधणीतच वेगळी होती, आणि त्यांच्या यशाचा मोठा वाटा त्या बांधणीत होता.

महाड-पोलादपूरचा काय संबंध?

सावित्री म्हटलं की आज महाडकरांना महापूर आठवतो. पण हीच नदी महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर, महाड, दासगाव करत बाणकोटजवळ समुद्राला मिळते. भरतीचं पाणी खाडीतून आत येतं, त्यामुळे महाड हे एकेकाळी बंदर होतं. रायगडाच्या पायथ्याचा मुलूख आणि समुद्र यांना जोडणारा हा पाण्याचा रस्ता. हा रस्ता कुणाच्या ताब्यात, हे ठरायचं ते समुद्रावर.

रायगड पडला, किनारा टिकला

कान्होजींचा जन्म साधारण १६६९ चा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ, आंगरवाडी गावावरून आंग्रे झालं.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर मुघलांनी रायगडाला वेढा घातला. राजाराम महाराज एप्रिलमध्ये गडावरून निसटून पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या प्रतापगडाकडे गेले आणि पुढे जिंजीला पोहोचले. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला. राजधानी गेली, राजा दूर दक्षिणेत. अशा काळात तरुण कान्होजी किनारा लढवत होते. हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग हे त्यांच्या उदयाचं ठिकाण.

१६९८ मध्ये सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर आरमाराची सूत्रं कान्होजींकडे आली. 'सरखेल' हा किताब मिळाला. अलिबागचा कुलाबा किल्ला, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग ही त्यांची मुख्य ठाणी.

गुराब म्हणजे काय?

'गुराब' हा शब्द अरबी. मूळ अर्थ कावळा. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने १८ व्या शतकात या जहाजांचं तपशीलवार वर्णन लिहून ठेवलं. त्यातून ही माहिती मिळते :

• गुराबेला २ किंवा ३ डोलकाठ्या. ३ डोलकाठ्यांची गुराब साधारण ३०० टनांची, २ डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंत.
• लांबीच्या मानाने रुंदी बरीच जास्त आणि तळ उथळ. त्यामुळे कमी पाण्यातही चालायची.
• नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लांब पुढे आलेलं. त्यामागे आडवी भिंत आणि भिंतीतल्या झरोक्यांतून पुढे रोखलेल्या २ मोठ्या तोफा. बाजूच्या तोफा त्याहून हलक्या.
• सोबत गलबतं. ही गुराबेच्याच घाटाची, पण लहान, क्वचितच ७० टनांपेक्षा मोठी. एक प्रचंड त्रिकोणी शीड आणि ४० ते ५० वल्ही.

आता लढाईची पद्धत लक्षात येते. युरोपी जहाजाचा मुख्य मारा बाजूच्या तोफांचा. वारा पडला की ते जागीच अडकायचं. गलबतं मात्र वल्ही मारत गुराबांना ओढून न्यायची आणि शत्रूच्या मागच्या बाजूला आणायची, जिथे त्याच्या तोफा कमी. तिथून गुराबेच्या पुढच्या तोफा सुरू व्हायच्या. पाठलाग झालाच तर खाडीत शिरायचं. खोल तळाच्या मोठ्या जहाजाला तिथे येता येत नसे.

चाचे की सरखेल?

किनाऱ्यावरून व्यापार करायचा तर कान्होजींचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा लागे. पोर्तुगीजही समुद्रावर अशीच परवाना पद्धत चालवत होते. पण कान्होजींनी ती लावल्यावर इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवलं. दस्तक नाही तर जहाज जप्त, हा कान्होजींचा नियम होता. १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौकाही पकडली. तिच्यावरच्या एका इंग्रज महिलेची सुटका ३०,००० रुपये घेऊन करण्यात आली.

ताराबाई आणि शाहू यांच्या वादात कान्होजी आधी ताराबाईंच्या बाजूने होते. शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी कैद केलं होतं. १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांनी बोलणी केली आणि कान्होजी शाहूंकडे आले. सरखेलपद आणि किल्ले त्यांच्याकडेच राहिले.

त्यानंतर मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने एकामागून एक मोहिमा काढल्या. विजयदुर्ग, खांदेरी, पुन्हा विजयदुर्ग. एकदा तर जाड भिंतींचा खास तरंगता तोफखाना बांधून नेला, तोही निरुपयोगी ठरला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांनी मिळून कुलाब्यावर चाल केली. ब्रिटिश शाही नौदलाची जहाजं सोबत असूनही ती फसली. १७२४ मध्ये डचांचा विजयदुर्गावरचा हल्लाही परतवला गेला.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचं निधन झालं. त्यांची समाधी अलिबागला आहे.

आरमार बुडालं, किंमत महाडने पाहिली

रायगड १७३३ मध्ये परत मिळाला, पण तोवर आंग्रे घराण्यात फूट पडू लागली होती. मानाजी कुलाब्याला, संभाजी दक्षिणेच्या किल्ल्यांवर, नंतर तुळाजी. तुळाजींचं पेशव्यांशी वैर झालं आणि नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला, पाठोपाठ सावित्रीच्या मुखावरचं बाणकोटही गेलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांनी तोफा डागल्या. एका जहाजाला आग लागली, ती पसरली आणि तिथलं आंग्र्यांचं आरमार जळून गेलं.

पुढे १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांकडून हरल्यावर दुसरा बाजीराव पुण्यातून पळाला आणि महाडला आला. तिथून किनारा गाठून तो वसईला गेला, पण इंग्रजांच्या जहाजातून. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला आणि पेशवाई कंपनीच्या तैनाती फौजेखाली गेली. ज्या किनाऱ्यावर इंग्रजांच्या जहाजांकडून कान्होजी दस्तक मागत होते, तिथे पेशव्याला त्यांच्याच जहाजात बसावं लागलं.

भारतीय नौदलाच्या मुंबईतल्या तळाला १९५१ मध्ये 'आयएनएस आंग्रे' हे नाव देण्यात आलं.

मॉडेल करताना लक्षात ठेवा

किटमध्ये साधारणपणे तळाचा एक कणा असतो, त्यात आडवे साचे बसतात. मग पातळ पट्ट्या भिजवून, वाकवून एकाला एक चिकटवायच्या. गुराबेसाठी पद्धत हीच, बदल पुढचे :

• मधले साचे रुंद आणि कमी उंचीचे कापा. टोकांकडे ते निमुळते करत न्या.
• युरोपी जहाजासारखी फुगीर छाती नको. नाळ लांब आणि पुढे झुकलेली ठेवा.
• नाळेमागच्या भिंतीत तोफांचे २ झरोके पाडायला विसरू नका. गुराबेची ओळख तीच.
• शेजारी त्याच मापातलं एक गलबत वल्ह्यांसह ठेवा. लहान गलबताची वरची पाटण बांबूच्या कामट्यांची असे, मॉडेलसाठीही त्याच वापरता येतील. दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय ही लढाईची पद्धत कळत नाही.