सुईदोऱ्याचे शल्यविशारद : डॉ. अलेक्सी कॅरेल

गणपतीच्या आसनावरचा कशिदा पाहिला की आम्हाला फ्रान्समधले डॉ. अलेक्सी कॅरेल आठवतात. चौसष्ट कलांमधल्या या सुईच्या कलेनेच त्यांना नोबेल पारितोषिकापर्यंत नेले.

रेशमासाठी प्रसिद्ध असलेल्या लिऑन शहराजवळ 28 जून 1873 रोजी त्यांचा जन्म झाला. पाचव्या वर्षी वडील गेले, आईने वाढवले. ते वैद्यकी शिकत असताना 1894 मध्ये लिऑनमध्येच राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुऱ्याचा वार झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर तुटली. ती शिवणे त्या काळी कोणाला जमत नव्हते. रात्रीतच कार्नो गेले. ही असहायता कॅरेल यांच्या मनाला लागली.

ते शिकायला गेले मादाम लरुदिए या कशिदा काढणाऱ्या बाईंकडे! बारीक सुया, व्हॅसलीन लावलेला रेशमी धागा आणि रोजचा सराव. 1902 मध्ये त्यांनी आपली रीत प्रसिद्ध केली. शिरेच्या गोल तोंडाला तीन टाके घालून ताणायचे. गोलाचा त्रिकोण होतो आणि सरळ कडा शिवणे सोपे जाते.

1904 मध्ये ते देश सोडून कॅनडामार्गे अमेरिकेत गेले. काढलेल्या रक्तवाहिन्या थंडाव्यात जतन करून त्या प्राण्यांच्या शरीरात जोडण्याचे प्रयोग त्यांनी केले. 1908 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अवघ्या पाच दिवसांच्या बाळाची शीर वडिलांच्या धमनीला जोडून त्यांनी ते बाळ वाचवले. 1912 मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा ते 39 वर्षांचे होते.

सरावाची ही परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. शीर वेधण्याचा सराव मृत प्राण्यांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करावा, असे सुश्रुतसंहिता सांगते. आज शिकाऊ सर्जन कोंबडीच्या तंगडीतल्या किंवा बाळंतपणानंतरच्या वारेतल्या, जतन केलेल्या रक्तवाहिन्यांवर सूक्ष्मदर्शकाखाली हात बसवतात. चुकायचे ते तिथे चुकावे, रुग्णाच्या अंगावर नव्हे.

पण कॅरेल यांची दुसरी बाजू झाकणे आम्हाला बरे वाटत नाही. 1935 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी घोर गुन्हेगारांना आणि गुन्हे करणाऱ्या मनोरुग्णांना वायूने संपवावे, असा विचार मांडला. 1941 मध्ये, जर्मनीपुढे नमलेल्या विशी सरकारच्या आश्रयाने चाललेल्या संस्थेची धुरा त्यांनी घेतली. 5 नोव्हेंबर 1944 रोजी पॅरिसमध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या नावावर डाग होता. पुढे 1996 मध्ये लिऑनच्या वैद्यकीय विद्याशाखेला दिलेले त्यांचे नावही काढले गेले.

त्यांचा टाका मात्र जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत टिकून आहे. सरावाने हात घडतो. मन वेगळे घडवावे लागते. म्हणून बाप्पापुढे हात जोडताना आम्ही कलेबरोबर सद्बुद्धीही मागतो.