पंडित विष्णु दिगंबर : ध्यास आणि हिशेब

आमच्या घरी हिशेबाची वही कधी नव्हती. तीर्थरूप दरबारी गवई; तनखा महिन्याच्या महिन्याला यावा आणि पुढची चिंता सरकारवाड्याने करावी, हीच घरची रीत. माझी गोष्ट निराळी. मी येथे बडोद्यात, दांडिया बाजारात, दोन खोल्यांत गायनाचा वर्ग चालवितो. फी मी ठरवितो, भाडे मी भरतो आणि तबल्याची पुडी फाटली तर ती बदलून आणण्याचा खर्चही माझाच. गेल्या वर्षी मनाने घेतले की वर्गाला स्वतःची वास्तू हवी. राहते घर गहाण टाकून कर्ज काढावयाचे ठरले, कागदही तयार झाले. त्याच दिवसांत पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे चरित्र मी पुन्हा वाचावयास घेतले. लहानपणी ते एका साधुपुरुषाचे चरित्र म्हणून ऐकले होते. या खेपेस ते स्वतःच्या बळावर एक मोठी संस्था उभी करणाऱ्या माणसाचे चरित्र म्हणून वाचले, आणि त्याचा अर्थ वेगळा लागला.

बुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडास झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. बालपणी फटाक्याची दारू उडून डोळे अधू झाले, शाळेचे शिक्षण खुंटले, आणि मुलगा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणाऱ्या या गुरूकडे त्याची विद्या पक्की झाली. मिरजकरांचा आश्रय होता, मानमरातब होता. तेथेच राहते, तर बुवा एक सुखी दरबारी गवई म्हणून जगले असते.

परंतु एका समारंभाचे निमंत्रण बुवांना आले आणि त्यांच्या गुरूंना मात्र आले नाही. गवयांना कोण बोलावतो, असा तेथला भाव दिसला, असे सांगतात. ती गोष्ट बुवांच्या जिव्हारी लागली. गवई आश्रित आहे तोवर त्याला प्रतिष्ठा नाही, हे त्यांनी जाणले आणि १८९६ साली मिरज सोडली. त्या भ्रमंतीत आमचे बडोदेही होते. येथे मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ पासून चालू होती. तेथे वर्ग होते, स्वरलेखन होते, परंतु खर्चाचा भार सयाजीराव महाराजांच्या सरकारचा होता. बुवांना हवे होते ते याहून अवघड : संस्थानिकाच्या आधाराशिवाय चालणारी गायनशाळा.

येथपर्यंत सारा ध्यासच दिसतो. पण बुवांच्या अंगी दुसराही एक माणूस होता, आणि त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून गाण्याचा जलसा केला. ज्या काळी गवई बक्षिसाची वाट पाहत बसे, त्या काळी श्रोत्याने आधी पैसे मोजावे आणि मग गाणे ऐकावे, ही रीत त्यांनी घातली. त्यात अहंकार नव्हता, व्यवहार होता. देणारा एक धनी असला की त्याच्या मर्जीने गावे लागते. देणारे शेकडो असले की गवई मोकळा.

पुढे ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली करीत बुवा पंजाबात गेले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडले. आरंभी विद्यार्थी फारसे येईनात. बुवा मात्र ठरल्या वेळी वर्गात बसत. हळूहळू संख्या वाढली. मग त्यांनी जी मांडणी केली ती एखाद्या कसलेल्या कारभाऱ्याला शोभेल अशी. इयत्तावार अभ्यासक्रम, ठरलेल्या परीक्षा, स्वरलिपीतील क्रमिक पुस्तके. ती पुस्तके छापण्यास शाळेचा स्वतःचा छापखाना; वाद्ये बनविण्यास व दुरुस्त करण्यास स्वतःचा कारखाना. कुलीन घरच्या स्त्रियांनाही गाणे शिकता यावे अशी सोय. याखेरीज उपदेशक वर्ग : निवडक मुलांना गुरुगृही ठेवून, जेवूखाऊ घालून, सुमारे नऊ वर्षांच्या कराराने शिक्षक म्हणून तयार करावयाचे. आमच्या शेजारच्या भडोचचे ओंकारनाथ ठाकूर याच परंपरेत घडले आणि ऐन तारुण्यात, १९१६ साली, लाहोरच्या विद्यालयाचे प्रमुख झाले.

१९०८ साली बुवा मुंबईस आले. येथे काम वाढले, मुले वाढली, आणि सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची भव्य इमारत उभी राहिली. ती कर्जावर उभी होती. मला वाटते, बुवांच्या हिशेबात चूक झाली असेल तर ती येथे. कर्जाचे व्याज नियमाने येते. जलशाचे उत्पन्न नियमाने येत नाही. वसतिगृहातील मुलांचे अन्नवस्त्र, शिक्षकांचे वेतन आणि सावकाराचा हप्ता, हे सारे अखेर एकाच गळ्यावर येऊन ठेपले. बुवा गावोगाव हिंडून गात आणि मिळेल ते संस्थेत ओतत. आपल्या गळ्यावर त्यांचा विश्वास होता आणि तो खोटा नव्हता. परंतु सावकाराला गळा तारण म्हणून चालत नाही.

याच सुमारास त्यांचे मन रामनामाकडे वळले. १९२२ साली नाशकास रामनाम आधार आश्रम निघाला. मैफलीची जागा रामकथेने घेतली. भक्ती वाढली, तसे कर्जही वाढले, आणि १९२४ च्या सुमारास मुंबईची ती इमारत लिलावात गेली. ज्या वास्तूत शेकडो मुलांनी षड्ज लावला, ती परक्याच्या हाती गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी बुवांनी मिरजेस देह ठेवला. जेथून स्वाभिमानाने निघाले होते तेथेच.

चरित्र येथे मिटले तर उत्साहाच्या भरात बुडालेल्या संस्थेची ती कहाणी ठरेल. पण पुढची पाने पाहावीत. शिष्य देवधरांनी १९२५ साली मुंबईत आपले विद्यालय काढले. बुवांच्या निधनाच्याच वर्षी शिष्यमंडळींनी अहमदाबादेस जमून गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. १९३२ साली विनायकराव पटवर्धनांनी पुण्यास विद्यालय उघडले. लिलावात इमारत गेली. अभ्यासक्रम, परीक्षा, स्वरलिपी आणि नऊ नऊ वर्षे राबून तयार केलेली माणसे लिलावात जाऊ शकली नाहीत. आजही गावोगावची मुले मंडळाच्या परीक्षांना बसतात, माझ्या वर्गातली सुद्धा.

मी यातून एवढेच घेतले : बुवांनी शांत डोक्याने जे मांडले ते टिकले, आणि मनाच्या भरतीत जे दगडचुन्याने बांधले ते गेले. मात्र भरती नसती तर मिरजच सुटली नसती, हेही तितकेच खरे. गवई तापून गाऊ लागला तरी मागचा तंबोरा आपला स्वर सोडीत नाही, म्हणूनच गवयाला घरी परत येता येते. वर्ग चालविणाऱ्याची वही म्हणजे असाच तंबोरा. बुवांपाशी इतके सारे होते. त्या इमारतीच्या वेळी तेवढा तंबोरा मंद वाजला असावा.

कर्जाचे कागद मी परत केले. शेजारची तिसरी खोली भाड्याने घेतली आणि एक वही आणली. ती मी स्वतःकडे ठेवली नाही, सौभाग्यवतीच्या हाती दिली. होतकरू पण गरीब अशी दोन मुले फीवाचून शिकतात, त्यांची नावे तिने पहिल्याच पानावर खर्चाच्या बाजूस लिहिली. मला प्रथम ते रुचले नाही. आता वाटते, तिचेच बरोबर. दान करावे, पण किती करतो आहोत ते ठाऊक असावे. म्हणजे पुढल्या वर्षी तिसऱ्या मुलाला घेता येईल की नाही, हे मनाला न विचारता वहीला विचारता येते.